दामूभाऊंच्या दोन पितळी चौकटी

भंडाऱ्याला दामूभाऊंच्या तेरवीला गेलो तर हार घातलेला फोटो पाहून मी दारातच थांबलो. वाटलं, चुकून दुसऱ्याच्याच घरी आलो. कान पुढं आलेले, डोळे वटारलेले अन् तोंड असं, की कोणी मागून मान धरून उभं केलंय. मग कळलं, आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावलाय.

जेवणं झाली. त्यांची मुलगी सुषमा माझ्याजवळ येऊन बसली.

"काका, हा फोटू पाहून घरात कोनालेच रडू येऊन नाई राहिलं," ती म्हणाली. "पाहुने आले की हात जोडतेत अन् मंग मले हळूच इचारतेत, हे कोन होय? माझ्या लग्नाचे फोटू तुमीच काढले. त्या अल्बमात बाबाचा नुसता कोपर हाय."

"एकात पाठ बी आहे," मी म्हणालो.

"एकात बुंदी वाढनारा हात हाय. तेच म्हनतो मी. तुमी जन्मभर फोटू काढले, बाबाच्या दुकानात येऊन इतके वर्षं बसले. तुमच्यापाशी त्यायचा एखादा धड फोटू असनच ना?"

"असन ना. काहून नसन?"

"वर्षश्राद्धाच्या आत द्याल? तोवर हाच ठेवतो."

"देतो म्हटलं ना!"

एवढं बोलून मी उठलो अन् एसटी पकडली. कोंढ्यापर्यंत खिडकीतून बाहेर पाहत होतो, दिसत काही नव्हतं. माझ्यापाशी दामूभाऊंचा एकही फोटो नव्हता. पवनी तालुक्यातल्या किती नवरानवरींना मी हनुवटी वर करायला लावली, त्याची गिनती नाही. अन् ज्या माणसाच्या दुकानात बसून मी पिंपभर चहा प्यायलो असेन, त्याचं तोंड माझ्या कॅमेऱ्यात एकदाही आलं नव्हतं.

यात माझा दोष नाही, हे आधीच सांगून ठेवतो. दामूभाऊ फोटोला सापडतच नसत. कॅमेरा डोळ्याला लागला की ते खाली वाकून चप्पल शोधायचे. त्यांच्या स्वतःच्या लग्नाच्या फोटोत मुंडावळ्या आहेत, त्यामागे नवरदेव असावा असा अंदाज करावा लागतो. मी एकदा रागानंच विचारलं, "दामूभाऊ, फोटू काढला तं काय चामडी जाते का तुमची?"

"मले काय पाहतं? मी बनवलेलं भांडं पाह," ते म्हणाले. "मानसाचं तोंड काय, ते रोज बदलते. भांडं नाही बदलत."

हे बोलताना ते एका लोट्याला बोटाच्या पेरानं टिचकी मारून कान लावून ऐकत होते. ही त्यांची खोड होती. पितळेचं काम करणारे सगळेच भांडं वाजवून पाहतात, पण दामूभाऊ सगळंच वाजवायचे. दुकानात आलेल्या माणसाचा स्टीलचा डबा, माझा कॅमेरा, भिंत, एकदा तर आमच्या सरपंचाचं हेल्मेट, तेही सरपंचाच्या डोक्यावर असताना. ऐकून मान हलवायचे अन् काय कळलं ते सांगायचे नाहीत.

दुसरी खोड त्यांच्या तोंडातलं एक वाक्य. तुम्ही काहीही सांगा, "आज लय गर्मी आहे" म्हणा, "नदीले पूर आला" म्हणा, ते चष्म्यावरून पाहत विचारायचे, "पाहून सांगतं का मापून?" नुसतं पाहून सांगितलेल्या गोष्टीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. सुषमाच्या लग्नाचं बोलणं चालू असताना नवरदेव पाच फूट आठ इंच आहे असं पाहुण्यांनी सांगितलं, तर हे टेप घेऊनच उठले होते. बायकोनं धोतर धरून खाली बसवलं म्हणून लग्न झालं.

मी चौथी शिकलो. पण फोटोतलं मला कोणी शिकवलेलं चालत नाही, आजही नाही. कोंढ्यात पहिला स्टुडिओ माझा. माझी एक पन्नासची लेन्स आहे, लोखंडासारखी जड. पन्नास हा तिचा आकडा, त्यावर समोरचं किती रुंद दिसेल ते ठरतं. तिचं दार, म्हणजे उजेड आत यायची वाट, दोनवर उघडतं. यात आकडा लहान तेवढं दार मोठं, अन् आठवर नेलं की दार बारीक. मी ते दार जन्मभर दोनवरच उघडं ठेवलं. दोनवर ठेवलं की समोरचा चेहरा धारदार येतो अन् मागचं सगळं दुधासारखं पुसट होतं. मागची पडकी भिंत, वाळत घातलेलं लुगडं, सगळं दुधात. लोक म्हणायचे, फोटू काढावा तं कोंढ्याच्या बुढ्यानं, माघं दूध आणते. हे दूध म्हणजे माझी सही होती.

रोल मिळेनासे झाले तेव्हा नागपूरच्या जावयानं त्याचा जुना डिजिटल कॅमेरा आणून दिला. त्यासोबतची लेन्स प्लास्टिकची होती. हातात घेतली तर दाणे काढलेलं कणसाचं बुरकुंड उचलल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, डब्बा ठेवतो, लेन्स माझीच लावीन.

"बाबा, ती बसणार नाही. अन् बसली तरी तुमची पन्नासची पंचाहत्तर होईल अन् दोनचं तीन होईल," जावई म्हणाला.

आता मला सांगा, लेन्सवर कोरून लिहिलेला आकडा कोणी बदलू शकते का? जावई आहे म्हणून मी गप्प बसलो अन् दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याला दामूभाऊंकडे गेलो. नव्या कॅमेऱ्याचं तोंड वेगळं, जुन्या लेन्सची मागची बाजू वेगळी. दोघांच्या मधात एक पितळी कडं पाहिजे होतं.

दामूभाऊंनी कॅमेरा वाजवला, लेन्स वाजवली, अन् तीन दिवसांनी बोलावलं. कडं असं झालं होतं, की लेन्स फिरवून बसवताना तिजोरीचा आवाज यायचा. पण ते मला घरी जाऊ देईनात. पायी वैनगंगेच्या पुलावर घेऊन गेले.

"पैलतीराचं झाड साफ दिसते का पाह. कडं केसभर जाड झालं तरी लांबचं साफ येनार नाही."

मी पाहिलं. "दिसून राहिलं बराबर."

"पानं दिसतेत का?"

"दिसतेत."

"मोज."

पुलावरून ट्रक जात होते अन् मी पैलतीरच्या झाडाची पानं मोजत होतो. सतरापर्यंत मोजल्यावर सुट्टी मिळाली.

पुढचं ऐका. जयंतीच्या सकाळी आमच्या वस्तीतले सगळे पांढरे कपडे घालून विहाराच्या पायऱ्यांवर जमतात अन् मी त्यांचा फोटो काढतो. सकाळी पायऱ्यांवर सावली असते. माझी जागा ठरलेली, पायरीपासून बारा पावलांवर. माझ्या पाठीमागं भीमाबाईची कुडाची भिंत, त्यापलीकडं तिचा बकऱ्यांचा कोठा. त्या वर्षी मी डोळ्याला कॅमेरा न लावताच बटण दाबलं. काहून लावू? बारा पावलं, पन्नासची लेन्स, सारा जन्म तेच केलेलं.

फोटो धुऊन आले, म्हणजे छापून आले, तर दोन्ही बाजूची माणसं गायब. उजव्या टोकाला सरपंच असतो, त्याचा नुसता खांदा. डाव्या टोकाला माझी बायको शांता असते, कारण ती खीर उतरवून सगळ्यांच्या शेवटी येते. ती नव्हतीच. तिच्या पदराचा कोपरा तेवढा होता.

"संसारात तं कधी माघं हटली नाई मी," शांता म्हणाली. "अन् तुमी मले फोटूतूनच काढून टाकलं!"

"मी नाई काढलं. कड्यानं खाल्लं तुले."

माझं म्हणणं असं, की पितळी कड्याचं भोक लहान पडलं, त्यानं कडा खाल्ल्या. मी विचार केला नाही, कोणाला विचारलं नाही. कानस घेतली अन् कड्याचं भोक आतून घासून मोठं केलं. दोन दिवस घासत होतो. शांताला पुन्हा त्याच टोकाला उभं करून फोटो काढला, तरी शांता बाहेरच. वरून लेन्स आता डुगडुगायला लागली.

भंडाऱ्याला जाऊन मी कडं दामूभाऊंच्या पुढ्यात आदळलं. "हे पाहा तुमचं काम! माझी बायको खाल्ली यानं!"

दामूभाऊंनी कडं उचललं, आतून बोट फिरवलं. चेहरा असा झाला, जसा कोणी त्यांच्या लेकराला मारलंय.

"माझ्या कड्यावर कानस चालवली तुनं?"

"मंग का करू?"

"मापलं होतं?"

मी कॅमेऱ्याची पिशवी उघडायला लागलो.

"पाहून घासलं!" ते दुकानातल्या भांड्यांना म्हणाले, माझ्याशी बोलायची त्यांची इच्छा उरली नव्हती. "दोन दिवस! पाहून!"

मग ते कामाला लागले. कॅमेऱ्याचं तोंड उघडून आतल्या चिपेपुढं पट्टी धरली, न लागू देता. ज्यावर फोटो उमटतो ती ही चिप. माझ्या जुन्या निगेटिव्हचा एक तुकडा मागितला, तो मापला. मग पितळी पत्र्यात दोन खिडक्या कापल्या. एक निगेटिव्हएवढी, छत्तीस बाय चोवीस. दुसरी चिपेएवढी, चोवीस बाय सोळा. दोन्ही चौकटींना पाच-पाच सेंटीमीटरची दांडी लावली, कारण पन्नासची लेन्स म्हणजे पाच सेंटीमीटर. माझ्या गालावर दांडीचं टोक टेकवलं अन् मोठी चौकट डोळ्यापुढं धरली.

"आता समोरच्या दुकानात काय दिसते ते सांग."

"सगळंच दिसते. तो हंडेवाला, त्याचं पोरगं, ती खुर्चीवरची मांजर."

"आता हे लहान."

लहान चौकटीतून हंडेवाला दिसला. पोरगं अर्धं गेलं. मांजर गेली.

"मांजर कोनं खाल्ली? कड्यानं?"

मी पुन्हा मोठी चौकट धरली, मांजर परत आली.

"लेन्स तेच हाय. पन्नास ते पन्नासच, तुह्या जावयानं म्हटलं म्हनून पंचाहत्तर नाही होत. पन तिच्या माघं जो तुकडा ठेवला, तो लहान झाला. लेन्स उजेड तेवढाच फेकते, तुह्या चिपेवर मधलाच मावते. कडचा तिच्या बाहेर पडून राहिला. तिथंच पडली हाय तुही बायको."

मला हे पटलं, पण पटलं म्हणायची माझी रीत नाही. मी म्हटलं, "ठीक आहे. पन मंग चिप लहान म्हनून उजेडही कमीच आला ना? दोनचं तीन झालंच ना?"

मला वाटलं, इथं सापडले. दामूभाऊंनी अंगणात परात ठेवली, परातीत मधोमध एक सपाट बुडाची वाटी ठेवली अन् झाडांना पाणी द्यायची झारी घेऊन वरून सगळीकडं सारखी फिरवली. मग म्हणाले, "बोट बुडव. परातीत किती?"

"एक पेर."

"वाटीत?"

"एक पेर."

"वाटी लहान हाय म्हनून तिच्यात पाऊस पातळ पडला का? धानाचा रोवना मोठ्या बांधीत जेवढा बुडते तेवढाच लहान बांधीत बुडते. पूर्न पानी कमी, पन खोली तेवढीच. म्हनून उजेडासाठी दोन ते दोनच. सेटिंग बदलू नको."

"म्हनजे जावई खोटा!" मला फार बरं वाटलं.

"अर्धा खोटा. तुले शांताबाई फोटूत पाहिजे असन तं माघं जावं लागन. माघं गेला की तुहं दूध पातळ होते. तेवढ्यापुरतं दोनचं तीन म्हटलं तरी चालन."

जावई अर्धा खरा निघाला, हे मी घरी सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितो आहे.

दामूभाऊंनी नवीन कडं करून दिलं. त्यासाठी एकच अट घातली, की कानस त्यांच्या दुकानात जमा करायची. ती अजून तिथंच खिळ्याला टांगलेली आहे. तेरवीच्या दिवशी मी पाहिली.

पुढच्या जयंतीला ते स्वतः सकाळच्या बसनं कोंढ्याला आले, खिशात दोन्ही चौकटी घेऊन. विहारापुढं उभे राहून लहान चौकट डोळ्याला लावून ते एकेक पाऊल मागं जात राहिले. लोक पायऱ्यांवरून पाहत होते, की हा बुढा काय करून राहिला. मागं जाता जाता भीमाबाईची कुडाची भिंत आली. ते थांबले नाहीत. फाटकातून कोठ्यात शिरले अन् आतून ओरडले, "अठरा! बाराचे अठरा! इथून सगळे येतेत!"

त्या कुडाला छातीएवढ्या उंचीवर एक भगदाड होतं. तिथून कॅमेरा लावायचा ठरलं. भीमाबाई म्हणाली, "माह्या बकऱ्यायले त्रास नाई झाला पाहिजे."

"बकऱ्याचा त्रास मले होईन, त्याचं काय?" मी म्हटलं.

मी आत उभा राहिलो. दामूभाऊंनी लेन्स पाहिली अन् विचारलं, "दोनवर काहून?"

"माझं दोनवरच असते. माघं दूध पाहिजे."

"माघं कोन बसते?"

मागं, म्हणजे वरच्या पायऱ्यांवर, बायका उभ्या राहतात. पुढं माणसं, खुर्च्यांवर म्हातारे.

"मंग आजवर त्या बाया दुधातच उभ्या हायेत का?" दामूभाऊ म्हणाले. "पांढरे लुगडे घालून दुधात! त्यायच्या नातवानं कसं ओळखावं आपल्या आजीले?"

अन् मला विचारलंही नाही. आपल्या हातानं लेन्सवरचं आकड्यांचं कडं फिरवून दार दोनवरून आठवर आणलं. टक टक टक टक, चार आवाज आले. माझ्या लेन्सला माझ्यासमोर दुसऱ्यानं हात लावलेला तो एकच दिवस.

"आता तुमीही बसा पायरीवर," मी म्हटलं.

"तुमच्या वस्तीचा फोटू. मी पाहुना मानूस, मी कायले?"

"मंग इथं बकऱ्यायजवळ उभे राहा."

"मी विहाराच्या ओट्यावर जातो, सगळ्यायच्या माघं, दारापाशी. तुह्या फोटूत माघचं काही येत नाही ना, मंग मी कोनाले दिसनार नाही."

ते गेले. मी डोळा लावला. उजवीकडं सरपंच पूर्ण होता, दोन्ही खांद्यांसकट. डावीकडं शांता, पदर सावरत. मी "हलू नका" म्हणणार, तेवढ्यात एका बकरीनं मागून माझ्या सदऱ्याचं टोक तोंडात धरलं अन् ओढलं. मी ओरडलो ते साऱ्या वस्तीनं ऐकलं. बटण दबलं. माझ्या साऱ्या फोटोंत लोक फाशी दिल्यासारखे बसलेले असतात. हा एकच फोटो, ज्यात सगळे दात काढून हसत आहेत.

फोटो छापून वाटले. शांतानं स्वतःला पाहिलं, सरपंचानं स्वतःला पाहिलं. वरच्या पायरीवरच्या बायका कितीतरी दिवस फोटो घेऊन फिरत होत्या. मी टोकं पाहिली, दोन्ही टोकं पुरी आहेत एवढं पाहिलं अन् खोक्यात ठेवून दिला.

त्यानंतर दोनदा धान कापून झाले अन् दामूभाऊ गेले. दुकानातच, खाली वाकून काहीतरी शोधत होते म्हणे.

तेरवीहून आल्यावर मी सगळी खोकी उपसली. लग्नं, बारशी, निरोप समारंभ, सगळं. शांता रोज विचारायची, "भेटला का?" अन् मी रोज म्हणायचो, "भेटन." वर्ष भरत आलं. सुषमाचा फोन आला की मी शांताला उचलायला लावायचो. मला खोटं बोलायची लाज नव्हती, हरल्याची होती. शेवटी एका दुपारी शांतानंच जयंतीचा तो फोटो खोक्यातून काढला, आपला स्वतःचा चेहरा पाहायला. अन् म्हणाली, "हा वर दाराजवळ कोन होय, खांबापाशी?"

"तिथं कोनी नसते. तिथं दूध असते," मी म्हटलं.

साऱ्या जन्मात माझ्या फोटोंत मागं काही नसायचंच. म्हणून मी मागं पाहायलाच शिकलो नव्हतो.

"दूध गिध काही नाई. मानूस हाय. चष्मा हाय त्याले."

मी काच आणली, मोठं दाखवणारी. लहान चिप, अठरा पावलांवरचा मी अन् आठवर आणलेलं दार, तिघांनी मिळून कोंढ्याच्या विहारातलं सगळं दूध आटवून टाकलं होतं. खांबावरचा रंगाचा ओघळ दिसत होता. दाराची कडी दिसत होती. अन् कडीशेजारी दामूभाऊ, तांदळाच्या दाण्याएवढे पण एकदम साफ. हातातली पितळी चौकट डोळ्यावरून खाली घेतलेली, चष्मा नाकावर, अन् नजर सरळ माझ्या लेन्समध्ये. चप्पल शोधत नव्हते. हसत होते.

आता तुम्ही म्हणाल, बुढा विसरला असेल. लेन्स आठवर नेल्यावर मागचंही उमटतं हे त्या घाईत ध्यानात राहिलं नसेल. मी म्हणतो, बिलकुल नाही. लेन्सचं दार ज्यानं स्वतःच्या हातानं बारीक केलं, चार टकटक मोजून, तो माणूस दोन मिनिटांत विसरला? ज्यानं माझ्याकडून झाडाची पानं मोजून घेतली तो? कोणी मला पटवायला जाऊ नये.

त्यांच्यापुरता तुकडा कापून मी पोस्टकार्डाएवढा छापून घेतला अन् भंडाऱ्याला गेलो. सुषमानं आधार कार्डाचा फोटो उतरवला. चौकट मोठी होती, माझा फोटो तिच्यात लहानसा मधोमध बसला, परातीतल्या वाटीसारखा.

"अजून मोठा नाई होनार, काका?"

"अजून मोठा केला तं फाटन. दूध होईन."

"नको. राहू द्या असाच."

तिनं तो भिंतीवर टांगला, दोन पावलं मागं गेली, अजून एक गेली. मग पुढं येऊन बोटाच्या पेरानं काचेवर टिचकी मारली अन् कान लावून ऐकलं.